वाचकांचे प्रश्न : मुलींच्या संघाची प्रशिक्षक व्हायचे आहे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे, अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या निरनिराळ्या गावांतून आलेली असूनही, एकाच विषयाभोवती फिरत आहेत : महाविद्यालयीन मुलींचा बास्केटबॉल संघ, आणि तो घडवणाऱ्या माणसाचे पुढे काय होते. पाचांनाही उत्तर देण्याजोगा अनुभव गाठीशी असल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे. आहार आणि सांधेदुखीविषयी विचारणाऱ्या वाचकांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : मी २३ वर्षांची असून चिपळूणला राहते. वाणिज्य शाखेची पदवी घेताना तीन वर्षे महाविद्यालयाच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळले. सध्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयात नोकरी करते आणि संध्याकाळी एका शाळेच्या कोर्टवर सोळा मुलींना शिकवते. महाविद्यालयात मुलींच्या संघाची प्रशिक्षक म्हणून पूर्णवेळ नोकरी मिळवायची तर कोणता अभ्यासक्रम करावा, आणि त्याला किती वर्षे लागतील?

उत्तर : जे ऐकायला बरे वाटणार नाही ते आधी सांगते, कारण ते उशिरा कळल्यामुळे उमेदीची चार-पाच वर्षे चुकीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तुम्ही ज्या पदाविषयी विचारता आहात ते पद आपल्याकडच्या अनुदानित महाविद्यालयांत मंजूरच नसते. ‘मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी प्रशिक्षक पाहिजे’ अशी पूर्णवेळ पदाची जाहिरात माझ्या सगळ्या नोकरीच्या काळात मी आपल्या भागात एकदाही वाचली नाही. मंजूर असते ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे पद, तेही बहुधा एकच, आणि त्या एका माणसाने कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा, क्रिकेट, बुद्धिबळ आणि यातून दिवस उरलाच तर बास्केटबॉल असा सगळा जिमखाना सांभाळायचा असतो. म्हणजे तुमच्यापुढे एक नव्हे, दोन वाटा आहेत : एक नोकरीची आणि दुसरी कोचिंगची. त्या काही ठिकाणी एकमेकींना भेटतात, परंतु एकीवरूनच चालत राहिले तर पावसाळ्यानंतरच्या पायवाटेसारखे दुसरीवर रान माजते.

नोकरीची वाट कागदावर अगदी सरळ आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करता येते, त्याला दोन वर्षे लागतात, आणि प्रवेशासाठी राज्याच्या सीईटीत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते. त्यानंतर त्याच विषयातले दोन वर्षांचे पदव्युत्तर एम.पी.एड., त्यात किमान ५५ टक्के गुण (मागासवर्गीय उमेदवारांना ५ टक्के सवलत), मग नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार संचालकपदासाठी आणखी दोन गोष्टी लागतात, आणि नेमक्या याच दोन गोष्टी उमेदवार शेवटच्या क्षणी शोधू लागतात. पहिली म्हणजे आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठीय, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत प्रतिनिधित्व केल्याचा पुरावा. दुसरी शारीरिक क्षमता चाचणी, जिच्यात स्त्री उमेदवारांना आठ मिनिटांत धावत किंवा चालत ठरावीक अंतर कापावे लागते : तिशीपर्यंत १००० मीटर, चाळिशीपर्यंत ८०० मीटर. पुरुषांना बारा मिनिटे आणि अंतरही अधिक. तुम्ही आज खेळत आहात म्हणून या अंतराला हसाल. पण नेट-सेटच्या पुस्तकांपुढे बसून तीन वर्षे काढलेल्या, एके काळी उत्तम खेळणाऱ्या मुलीला सातव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली मी पाहिली आहे.

प्रमाणपत्रांविषयी एक सूचना अगदी या आठवड्यात अमलात आणण्यासारखी आहे. तिन्ही वर्षांची सहभाग प्रमाणपत्रे, संघाच्या यादीची आणि पात्रता अर्जाची प्रत तुमच्या महाविद्यालयाकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. २०२१ च्या जुलैतल्या पुराने चिपळुणात काय केले ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या चिखलात भांडीकुंडी गेली तशी कित्येकांची कपाटभर कागदपत्रेही गेली. दुसऱ्या प्रती दुसऱ्या गावात, शक्यतो उंचावरच्या घरात असू द्या.

हे सगळे वेळेवर जमले तर तुम्ही सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी पात्र व्हाल. पात्र व्हाल, रुजू व्हाल असे मी म्हटलेले नाही. पूर्णवेळ पदाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, म्हणून त्यासाठी राज्यभरातून अर्ज येतात. पदे मात्र वर्षानुवर्षे रिकामी ठेवली जातात, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) तपासली जाते, ना-हरकत मिळते आणि मग जाहिरात निघते. मधल्या काळात तासिका तत्त्वावर किंवा हंगामापुरत्या मानधनावर काम करावे लागते. या मानधनाला काही जण कमी लेखतात, मी लेखत नाही. त्याच्यावर घर चालत नाही हे खरे असले, तरी ज्या महाविद्यालयात तुम्ही एक हंगाम संघ बांधलात तिथे पुढच्या वर्षी तुमचे नाव निघते.

आता दुसरी वाट, जिच्यासाठी तुम्ही खरे म्हणजे पत्र लिहिले आहे असे त्या ‘सोळा मुलीं’वरून मला वाटते. एम.पी.एड. केल्याने शारीरिक शिक्षण कळते, बास्केटबॉल शिकवता येतोच असे नाही. त्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला क्रीडाक्षेत्रात सगळे नुसते ‘एनआयएस’ म्हणतात. तिथे सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे आणि एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम; दुसऱ्यासाठी खेळातली कामगिरी पाहिली जाते. तुमचे मालक सहा आठवड्यांची रजा देत असतील, तर बी.पी.एड.च्या आधी तो छोटा अभ्यासक्रम करा, कारण त्यात आपल्याला हे काम खरोखर आवडते का, याचा कौल लवकर मिळतो. पदविकेचा विचार मात्र निराळा आहे. ज्यांना साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण), राज्य शासनाची केंद्रे किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या शाळा अशा ठिकाणी निव्वळ प्रशिक्षक म्हणून राहायचे आहे त्यांनी ती आधी करावी. ज्यांना चिपळूण सोडायचे नाही त्यांनी बी.पी.एड. करून आधी शाळेत शिरावे.

शाळेत म्हटल्यावर तुम्ही नाराज व्हाल, म्हणून कारण सांगते. आपल्या किनाऱ्यावर महाविद्यालयाचा संघ महाविद्यालयात घडत नाही, घडू शकत नाही. अकरावीला आलेल्या मुलीला पहिल्यांदा चेंडू हातात देऊन लेअपची (धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकण्याची) दोन पावले शिकवू लागलात, तर ती पावले बसेपर्यंत तिचे तृतीय वर्ष उजाडते आणि मग तिचे लग्न ठरते किंवा ती नोकरीसाठी मुंबईला जाते. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट असतात, आणि त्यांतल्या शेवटच्या गटात कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुली येतात. सातवी-आठवीत चेंडू हाताळलेल्या मुली त्या गटात आल्या की दोन वर्षांनी वरिष्ठ महाविद्यालयाला संघ मिळतो. त्यामुळे तुमच्या त्या सोळा मुलींचे वय काय आहे, हा माझा तुम्हाला उलट प्रश्न आहे. त्यांच्यात तेरा वर्षांच्या चार जणी असतील तर तुम्ही महाविद्यालयाच्या संघाचे काम आजच सुरू केलेले आहे, फक्त त्याचा पगार कोणी देत नाही.

याच्या जोडीला पंचांची परीक्षा द्या. प्रशिक्षकाने पंच होऊ नये असे मानणारे आहेत, पण मला जे काही थोडेबहुत बास्केटबॉल कळते त्यातले निम्मे मी शिट्टी तोंडात धरून शिकले. चोवीस सेकंदांच्या घड्याळापाशी किंवा गुणफलकावर बसलात तरी चालेल. जिल्हा संघटनेच्या स्पर्धांना टेबलवर बसणारी माणसे नेहमीच कमी पडतात, आणि त्या टेबलवरून दहाही खेळाडू एकदम दिसतात. पदरचे न घालता फिरता येते, भत्ता मिळतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राज्यातल्या प्रशिक्षकांना तुमचा चेहरा माहीत होतो.

शेवटी, एक वही ठेवा. तारीख, हजेरी, कोणत्या मुलीने किती फ्री थ्रो मारले आणि किती पडले, कोणाचा गुडघा दुखला, एवढेच तिच्यात असावे. पुढे विद्यापीठाच्या संघाची निवड होते तेव्हा त्या संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून जाण्यासाठी महाविद्यालयांतल्याच क्रीडा शिक्षकांतून माणूस निवडला जातो, आणि तो संघ भारतीय विद्यापीठ संघ या देशभरच्या विद्यापीठांच्या संघटनेच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला किंवा राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ स्पर्धेला जातो. महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या आयुष्यातला हा पहिला खरा टप्पा. तिथे नाव सुचवले जाते तेव्हा पदव्या सगळ्यांकडेच असतात. चार वर्षांच्या नोंदी क्वचित कोणाकडे असतात.

प्रश्न : मी अलिबाग तालुक्यातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. यंदा प्रथमच मुलींचा बास्केटबॉल संघ उभा केला. पहिल्याच सामन्यात आम्ही फक्त चार गुण केले आणि मोठ्या फरकाने हरलो. कोर्ट उघड्यावर आहे, पावसात चार महिने बंद असते, मुली सहानंतर थांबत नाहीत. प्राचार्य म्हणतात, कबड्डीवर लक्ष द्या. संघ चालू ठेवावा का?

उत्तर : मुलींचा पहिला आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामना १८९६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांत झाला, पुरुष प्रेक्षकांना त्याला प्रवेश नव्हता, आणि तो स्टॅनफर्डने २-१ असा जिंकला. त्या दोन्ही संघांनी मिळून केले त्याहून अधिक गुण तुमच्या एका संघाने केले आहेत. तेव्हा चार गुणांचे मनाला लावून घेऊ नका.

कोर्टचे मात्र मनाला लावून घ्या. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो तिथे उघडे कोर्ट म्हणजे जूनपासून शेवाळाचे शेत. गणपतीच्या सुट्टीनंतर कोर्टवर पाय ठेवायच्या आधी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या, आणि हे काम शिपायावर न सोपवता मुलींना बरोबर घेऊन करा. ज्या कोर्टवरचे शेवाळ आपण खरवडले त्या कोर्टवर यायचा कंटाळा मुली सहसा करत नाहीत. खाऱ्या वाऱ्याने रिंगचे नट गंजतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी रिंगला आणि खांबांना रेड ऑक्साईडचा हात द्यावा. दर हंगामाला रिंगची उंची टेपने मोजा : ती ३.०५ मीटर असायला हवी, आणि खांब खचलेल्या कोर्टवर ती कितीही निघू शकते. खडबडीत सिमेंटवर महाग चेंडू वापरू नका, त्याचे साल निघते. रबरी चेंडू बरा, पण तो सहा नंबरचाच घ्या. मुलांचा सात नंबरचा चेंडू मुलींच्या हाती देऊन ‘यांना पास धरता येत नाही’ असे म्हणणारे क्रीडा शिक्षक अजूनही आहेत.

पावसाचे चार महिने वाया जातात असे तुम्ही लिहिले आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. त्या चार महिन्यांत एखाद्या रिकाम्या वर्गात, बाके सरकवून, उडी मारून जमिनीवर नीट उतरायला शिकवा : दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून आणि ते आत न वळवता. मुलींच्या गुडघ्यातला पुढचा बंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो मुलांच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळा तुटतो, आणि तोही बहुधा कोणाचा धक्का न लागता, चुकीचे उतरल्याने किंवा झटकन वळल्याने. ज्या गावातून शस्त्रक्रियेसाठी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागते तिथे एकदा बंध तुटला की त्या मुलीचा खेळ संपला, आणि तिच्या धाकट्या बहिणीला मैदानात पाठवायचे की नाही याचाही निकाल घरात तेव्हाच लागतो. पिव्होट (एक पाय रोवून वळणे), चेस्ट पास, बाउन्स पास, बचावाची पावले, हे सगळे पंधरा बाय वीस फुटांत शिकवता येते. रिंग लागते ती फक्त शेवटी.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यातच उरकून घ्या : संघातल्या प्रत्येक मुलीची हिमोग्लोबिनची तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ‘तिसऱ्या क्वार्टरला मुली बसतात’ अशी तक्रार करणाऱ्या प्रशिक्षकांनी दम वाढवण्यासाठी आणखी चार फेऱ्या पळवण्याआधी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात.

सहा वाजताचा प्रश्न घड्याळाचा नाही, शेवटच्या एसटीचा आहे. ज्या मुली लांबून येतात त्यांच्या गाडीच्या वेळा लिहून काढा आणि सराव त्याभोवती बसवा. सकाळी सात ते सव्वाआठ ही वेळ आमच्याकडे लागू पडली, कारण पहिल्या गाडीने मुली तशाही येऊन व्हरांड्यात बसलेल्या असत. पालकांना पत्र पाठवू नका, घरी जा, आणि जाताना एखाद्या शिक्षिकेला बरोबर न्या. तिथे बास्केटबॉलची थोरवी सांगायची गरज नसते. मुलगी कुठे जाणार, कोणाबरोबर, किती वाजता परत येणार आणि कपडे कोणते, एवढ्याच चार गोष्टी आई-वडिलांना हव्या असतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत खेळाडूंची भरती होते, हेही सांगा. पण त्यासाठी लागणारा स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्रांची पडताळणी यांविषयीही खरे तेच सांगा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकदा उतरल्यावर नोकरी मिळते अशी आशा दाखवून आणलेली मुलगी दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि तिची आई तुम्हाला ओळख दाखवत नाही.

प्राचार्यांचे म्हणाल तर त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कबड्डीत आपल्या भागातल्या मुली उपजत पाय ओढतात आणि चषक लवकर येतो. संघ चालू ठेवा, पण त्यांच्याकडे तीन वर्षे मागून घ्या आणि पहिल्या दोन वर्षांत चषकाचे नाव काढू नका. कबड्डीच्याच दोन चपळ मुली मागून घेतल्यात तर बचाव सुधारेल. चेंडू न धरणाऱ्या माणसाच्या पायांकडे बघत बचाव करायची त्यांना सवय असते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी एम.पी.एड. करते आहे आणि तिला महाविद्यालयात मुलींचा संघ शिकवायचा आहे. आम्ही देवगडकडचे. शिकवायला हरकत नाही, पण मुलींना घेऊन परगावी राहणे, रात्रीचा प्रवास, यामुळे तिचे लग्न जमायला अडचण येईल असे घरात सगळे म्हणतात. तुम्ही या क्षेत्रात होतात म्हणून विचारते.

उत्तर : तुमच्या घरातले म्हणतात ते मला नवीन नाही. मी पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी खेळाविषयी एकही प्रश्न न विचारता, ‘मुलींना घेऊन चार-चार दिवस बाहेर राहाल, घरचे काय म्हणतील?’ एवढेच विचारले होते. ते पद मला मिळाले नाही. महाविद्यालयाचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. तशी माणसे त्या वेळी सगळीकडेच होती.

प्रवासाची अडचण खरी आहे आणि ती लपवून चालणार नाही. आपली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाखाली असल्याने पुढच्या फेऱ्यांसाठी मुंबई गाठावी लागते. रत्नागिरीहून ते अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे आणि तुमच्याकडून त्याहून अधिक. रेल्वेची आरक्षणे सणासुदीला मिळत नाहीत, नेमक्या त्याच दिवसांच्या आगेमागे स्पर्धा येतात, आणि बारा मुलींना घेऊन फलाटावर बसलेल्या बाईकडे लोक टक लावून पाहतात. हे वर्षातले पंधरा ते वीस दिवस असतात. बाकीचे दिवस तुमच्या मुलीचे काम शिक्षिकेसारखेच असेल.

लग्नाविषयी माझे मत तुम्ही विचारलेत म्हणून देते. ज्या घरात हे वीस दिवस खपणार नाहीत त्या घरात ती गेल्यावर पहिल्या हंगामात वाद होईल आणि दुसऱ्या हंगामात ती संघ सोडेल. म्हणून हे वीस दिवस पत्रिकेबरोबरच सांगून टाका. दोन-तीन स्थळे मागे फिरतील, ती फिरू द्यावीत. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय संघाचे नेतृत्व केले आहे. भारताकडून खेळलेल्या प्रशांती सिंह यांना २०१९ मध्ये आणि अनिता पॉलदुराई यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ही नावे वादात जिंकण्यासाठी देत नाही. एवढेच की, बास्केटबॉल हा बाईमाणसाचा खेळ नव्हे असे कोणी बैठकीत म्हणाले तर उत्तर द्यायला ती जवळ असावीत.

मुलीला मात्र माझा एक निरोप द्या : मूल झाल्यावर दोन हंगाम चुकले तरी बिघडत नाही, पण त्या काळात पंचांचा परवाना आणि संघटनेतले नाव खंडित होऊ देऊ नकोस. परतीचा रस्ता तिथूनच असतो.

प्रश्न : मी दापोलीला शिकते. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांना मोठा मान आणि पगार असतो असे वाचले. भारतातून तिथे जाऊन प्रशिक्षक होता येते का? तिथला क्रम कसा असतो?

उत्तर : तिथे हे स्वतंत्र पद आहे, आपल्याकडे नाही, हा मुख्य फरक. पण तेही आभाळातून पडलेले नाही. १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करण्यास बंदी झाली. त्यातून मुलींच्या संघांना पैसा मिळू लागला. पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या, महिन्याला २५० डॉलर मिळत, संघाची गाडी त्याच चालवत आणि गणवेशही त्याच धूत. २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा त्यांच्या नावावर १०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे होती. गणवेश धुण्यापर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही क्रीडा शिक्षिकेला ओळखीची वाटेल.

गंमत अशी की, पैसा आल्यावर पुरुषही आले. १९७२ मध्ये तिथल्या मुलींच्या महाविद्यालयीन संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली उतरले. आपल्याकडे ही पदे कधी निघालीच तर याकडे आधीपासून लक्ष ठेवावे लागेल.

तिथला नेहमीचा क्रम असा : आधी महाविद्यालयाकडून खेळायचे, मग पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाबरोबर पदवीधर साहाय्यक म्हणून काम करायचे, त्यानंतर साहाय्यक प्रशिक्षक, आणि पुष्कळ वर्षांनी, बहुधा एखाद्या लहान विद्यापीठात, मुख्य प्रशिक्षक. टॅरा व्हॅनडर्व्हीर यांनी ओहायो स्टेटमध्ये अशी उमेदवारी केली, आयडाहोत मुख्य प्रशिक्षक झाल्या, पुन्हा ओहायोला आल्या आणि १९८५ मध्ये स्टॅनफर्डला गेल्या. २०२४ मध्ये निवृत्त होताना त्यांचे विजय १२१६ होते. डॉन स्टेली यांनी २००० मध्ये टेम्पल विद्यापीठाचे प्रशिक्षकपद स्वीकारले तेव्हा त्या स्वतः व्यावसायिक सामने खेळत होत्या. पुढे साउथ कॅरोलिनाला त्यांनी २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली. साहाय्यकाच्या कामाचा मोठा भाग शाळाशाळांत फिरून खेळाडू शोधण्याचा असतो, आणि शाळांचे प्रशिक्षक ज्याला ओळखतात त्याचे चालते. बाहेरून आलेल्या माणसाला इथेच अडते.

तरीही दार बंद नाही. भारताच्या माजी कर्णधार दिव्या सिंह यांनी डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकताना तिथल्या मुलींच्या संघाबरोबर उमेदवारी केली आणि परत येऊन भारतीय संघांसाठी काम केले. तुम्हाला जायचे असेल तर असेच जा : पदव्युत्तर प्रवेश घेऊन, संघाबरोबर मिळेल ते काम मागत, मग ते सामन्यांच्या चित्रफिती कापण्याचे असो किंवा चेंडू भरण्याचे. आणि एक लक्षात घ्या, तिथल्या वरच्या श्रेणीतल्या प्रशिक्षकाचा करार निकालांवर चालतो. लागोपाठ तीन वाईट हंगाम गेले की सामान बांधावे लागते. आपल्याकडे एकही सामना न जिंकलेले संचालक निवृत्तीपर्यंत सुखाने नोकरी करतात. यातले काय बरे, याविषयी माझे मत दर पावसाळ्यात बदलते.

प्रश्न : मी पुरुष प्रशिक्षक आहे. मुलींच्या संघाबरोबर परगावी जाताना काय काळजी घ्यावी? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : संघव्यवस्थापक म्हणून स्त्री सोबत असल्याशिवाय निघू नका. महाविद्यालयात तशी कोणी उपलब्ध नसेल तर एखाद्या खेळाडूच्या आईला न्या, पण प्राचार्यांच्या लेखी पत्रानिशी, आणि खर्च जिमखान्याच्या खात्यातून करून. मुलींच्या खोल्यांत जाऊ नका, कोणा एकीला एकटीला बोलावून चुका दाखवू नका, आणि दुखापतीवर पट्टी बांधायची वेळ आली तर ती व्यवस्थापिकेच्या समोर बांधा. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीच्या (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या) अध्यक्षांचा दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वी प्रत्येक मुलीकडे लिहून द्या, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने द्या. संघात अठरा वर्षांखालील मुली असतील तर पालकांची लेखी संमती मूळ प्रतीत जवळ ठेवा. छायाप्रत आयोजक परत पाठवतात.